मिशनकार्याची छायाचित्रे : चेहरा आणि नाव

आमच्या सेवाक्षेत्रातील एका जुन्या मंडळीच्या कार्यालयात एक लाकडी कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. खालच्या फळीवर एका पत्र्याच्या पेटीत जुनी छायाचित्रे आहेत. नोंदवहीत प्रत्येकाचे नाव आहे, आईबापांची नावे आहेत, गाव आहे, तारीख आहे. चेहरा मात्र नाही. छायाचित्रांत चेहरे आहेत, इतके स्पष्ट की एखाद्या मुलीच्या कपाळावरचा व्रणही दिसावा. पण नावे नाहीत. पाठीमागे इंग्रजीत लिहिलेले आहे ते एवढेच : 'दुष्काळातील मुली', 'बायबल-बाई', 'देशी उपदेशक सहकुटुंब'. मधोमध खुर्चीवर बसलेल्या मिशनरी साहेबांचे व त्यांच्या पत्नीचे नाव तेवढे पूर्ण लिहिलेले आहे. एकाच मंडळीच्या, बहुधा त्याच माणसांच्या, या दोन नोंदी इतक्या निराळ्या का व्हाव्यात, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला होता.

त्याची निकड आम्हांस कळली ती २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात. त्या वर्षी कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांच्या पुराने बेळगाव जिल्ह्यातील कितीतरी गावे पाण्याखाली गेली. आमच्या तरुण संघाने धान्य व घोंगड्या गोळा केल्या आणि वाटपाच्या वेळी आम्ही स्वतः छायाचित्रे घेतली. देणगीदारांस हिशेब द्यावयाचा होता. हेतू वाईट नव्हता. एक वयोवृद्ध शेतकरी पोते घेताना सारखा मान फिरवी. आम्ही त्यांस दोनदा म्हटले, "बाबा, इकडे बघा." त्यांनी पाहिले, छायाचित्र निघाले. नंतर ते शांतपणे म्हणाले, "फादर, उपकारस्तुतीच्या सणाला मी जोंधळ्याचं पोतं वेदीपुढं आणून ठेवतो, तेव्हा कधी कुणी फोटो काढला नाही."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या माणसाने वर्षानुवर्षे मंडळीस दिले, त्याची आमच्या दप्तरी राहिलेली एकमेव प्रतिमा घेणाऱ्याची होती. आपल्याच मंडळीतील सेवाकार्याची छायाचित्रे आपणच काढू लागलो, तरी छायाचित्र काढण्याची रीत आपण कोणाकडून उचलली, हे त्या दिवसापासून आम्ही शोधू लागलो. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा सारांश होय.

लेखणी हाती आली, कॅमेरा आला नाही

छायाचित्रणाची कला पॅरिस येथे १८३९ साली जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कॅमेऱ्यांची जाहिरात झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत हा व्यवसाय नावारूपास आणला. म्हणजे हे यंत्र एतद्देशीयांच्या हाती फार लवकर आले, हे खरे. परंतु ते हात शहरातील सुशिक्षित व सधन वर्गाचे होते. खेड्यातील मंडळीस ते परवडणारे नव्हते.

याच काळात मराठी ख्रिस्ती समाजाच्या हाती दुसरे एक साधन आले होते, ते म्हणजे लेखणी. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा; १८५४ साली बाप्तिस्माही त्यांनी बेळगावातच घेतला. तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आले. पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघाली. या लेखकांनी आपले दारिद्र्य लपविले नाही, आपले दोष लपविले नाहीत. पण काय सांगावे व काय झाकावे, हे त्यांचे त्यांनी ठरविले. लक्ष्मीबाईंचा संसार किती ओढगस्तीचा होता हे वाचताना वाचक हसतो आणि रडतोही, परंतु लक्ष्मीबाईंची कीव करण्याचे धाडस त्यास होत नाही. कारण बोलणारी बाई स्वतः आपल्या नावानिशी समोर उभी असते.

छायाचित्राच्या बाबतीत हे घडले नाही. लेखणी आपली झाली, कॅमेरा दुसऱ्याचा राहिला. आपल्या समाजाच्या इतिहासातील ही विषमता ध्यानात घेतल्याखेरीज त्या पत्र्याच्या पेटीचा अर्थ लागत नाही.

उभे राहा, हलू नका

या विषमतेस यंत्राचीही थोडी जोड होती. १८५० नंतर सुमारे तीस वर्षे जी पद्धत चालू होती, तीत काचेवर रसायन ओतून ती काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. समोरच्या माणसाने कित्येक सेकंद निश्चल राहावयाचे. त्यामुळे चालते काम चित्रात येणे कठीण. येई ती ओळीने उभी केलेली माणसे. नांगर धरणारा, मुलांना शिकवणारी, रोग्यांची सेवा करणारी व्यक्ती आपले काम सोडून बंगल्यापुढे येऊन उभी राही. पुढे कोरड्या काचा निघाल्या, १८८८ साली कोडॅकचा हाती धरण्याजोगा कॅमेरा आला, छापखान्यात छायाचित्र थेट छापण्याची युक्ती निघाली. यंत्र बदलले, पण ओळीने उभे करण्याची सवय तशीच राहिली.

राज्यकर्त्यांनीही या सवयीस बळ दिले. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने प्रसिद्ध झाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती आणि बहुतेकांखाली जातीचे अथवा जमातीचे नाव होते. माणूस हा कोणत्या तरी प्रकाराचा नमुना, अशी ती दृष्टी. 'देशी उपदेशक सहकुटुंब' ही ओळ लिहिणारा मिशनरी मनाने कितीही प्रेमळ असला, तरी ओळ लिहिताना तो त्याच शाळेचा विद्यार्थी होता.

'आधी' आणि 'नंतर'

मिशनकार्याच्या छायाचित्रांचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे जोडचित्र : एकात चिंध्या पांघरलेले मूल, दुसऱ्यात तेच मूल स्वच्छ कपड्यांत. हा प्रकार लंडनच्या डॉ. बार्नार्डो यांच्या अनाथालयाने विशेष रूढ केला. १८७४ साली त्यांनी आपल्या संस्थेत छायाचित्रण विभाग उघडला आणि अशी जोडचित्रे विकून निधी जमविला. त्यावर एका बाप्टिस्ट पाळकानेच आक्षेप घेतला आणि प्रकरण १८७७ साली लवादापुढे गेले. लवादाने संस्थेच्या एकंदर कार्यास दोष दिला नाही. परंतु मुले आली त्याहून अधिक दीन दिसावीत अशी मांडणी करून काढलेली चित्रे ही फसवणूक होय, असे ठरविले. रस्त्यावर वर्तमानपत्रे कधी न विकलेली मुलगी चित्रात ती विकताना दाखविली होती. सत्कार्यासाठी केलेले असत्य हेही असत्यच, हा निर्णय दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, हे आपण विसरू नये.

आपल्या देशात या प्रकाराचा मोठा प्रसार झाला तो १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत. दुसरा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मधील म्हणून गुजरातेत 'छपनियो' या नावाने ओळखला जातो. अनेक मिशनांनी अनाथालये उघडली आणि दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे परदेशी मासिकांत छापून आली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वाचकांस केलेल्या आवाहनातून मोठा निधी उभा राहिला आणि १९०० साली 'क्विटो' हे जहाज मका घेऊन मुंबईस आले. त्या चित्रांमुळे भुकेल्यांच्या तोंडी घास पडला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्यापैकी काहींचे पणजोबा वा पणजी त्या घासावरच जगले.

तथापि हा प्रकार केवळ मिशनऱ्यांचा नव्हता. राजा दीनदयाळ यांचे उदाहरण इंदूर व हैदराबाद येथील वाचकांस जवळचे वाटेल. ते १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर रुजू झाले. तेथेच त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला आणि १८८५ साली ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १९०० च्या सुमारास निजामाच्या सत्कार्यांची जी छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओने काढली, त्यांत त्या वेळी हैदराबाद संस्थानात असलेल्या औरंगाबादच्या दुष्काळग्रस्तांचीही जोडचित्रे आहेत. एक 'आधीचा गट', दुसरा 'नंतरचा गट'. दाता राजा असो, सरकार असो वा मिशन असो, रीत तीच.

याच दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला होता. त्याभोवती उंच भिंती होत्या आणि छायाचित्र घेणारी बाईच होती. उमरावांच्या घरच्या स्त्रीची लाज राखण्यासाठी भिंत उभारावी, आणि औरंगाबादच्या उपाशी स्त्रीस मात्र उघड्या मैदानात बसवावे, यात त्या काळास विसंगती दिसली नाही. आपल्यास ती दिसते काय? आपल्या मंडळीतील वजनदार गृहस्थाच्या घरी आपण परवानगीवाचून कॅमेरा काढतो काय? मग झोपडीत का काढतो? लाज ही श्रीमंताची मिळकत नाही.

दोन निराळी उदाहरणे

इतिहासात याहून निराळी उदाहरणेही आहेत. पहिले आपल्याच भूमीतले. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा आणल्या आणि त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांवर गेली होती. मुक्तिसदनातील दुष्काळग्रस्त मुलींची केविलवाणी चित्रेही छापली गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यासोबत तेथील कामाचीही चित्रे आहेत. मागावर बसलेल्या, शेतात राबणाऱ्या, छापखाना चालविणाऱ्या स्त्रिया त्यांत दिसतात. मागावर बसलेली स्त्री पाहणाऱ्याकडे काही मागत नाही. तिचे लक्ष धाग्याकडे असते. आपल्या सेवाकार्याचे चित्र कसे असावे याचा धडा येथे आहे.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील काँगोचे. तो प्रदेश त्या वेळी बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी सत्तेखाली होता आणि रबर गोळा करून आणण्यासाठी तेथील प्रजेवर अनन्वित अत्याचार होत होते. १९०४ च्या मे महिन्यात बारिंगा येथील मिशन-ठाण्यावर एक मनुष्य पानात गुंडाळलेली पुरचुंडी घेऊन आला. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्याच्या पाच वर्षांच्या मुलीस ठार केले होते. तिचा हात व पाय एवढेच त्याच्यापाशी उरले होते. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी त्यास ओसरीवर बसविले आणि छायाचित्र घेतले. पुढे त्यांनी व त्यांच्या पतीने इंग्लंड-अमेरिकेत गावोगावी पडद्यावर ही चित्रे दाखवून व्याख्याने दिली. जनमत खवळले आणि १९०८ साली राजाच्या हातून तो प्रदेश काढून घेण्यात आला.

हे चित्र पाहवत नाही. तरीही त्याचा आणि जोडचित्राचा भेद मूलभूत आहे. तो बाप स्वतः चालत आला होता. त्यास साक्ष द्यावयाची होती. ते चित्र कोणा दात्याची स्तुती करीत नव्हते, अपराध्याकडे बोट दाखवीत होते. आणि आज सव्वाशे वर्षांच्या सुमारासही आपण त्या बापाचे नाव जाणतो : न्साला, आणि त्याच्या मुलीचे : बोआली. ती नावे टिकली म्हणून ते दुःख कोणा 'आफ्रिकन'चे न राहता एका बापाचे राहिले.

पवित्र शास्त्राची कसोटी

डोंगरावरील एकाच प्रवचनात प्रभूच्या दोन आज्ञा आहेत. एकीत तो म्हणतो की तुमची सत्कर्मे लोकांस दिसावीत. दुसरीत म्हणतो की दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नये. दोन्हींचा मेळ कसा घालावा? पहिल्या आज्ञेचा शेवट स्वर्गीय पित्याच्या गौरवात होतो, दुसरीत निषेध आहे तो दात्याच्या गौरवाचा. दिवा दिवठणीवर ठेवावा हे ठीकच. परंतु गरिबाचा चेहरा ही आपली दिवठणी नव्हे.

देणगीदारांस हिशेब द्यावा लागतो, ही अडचणही खोटी नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी पौलाने वर्गणी जमविली, तेव्हा तिच्या वाहतुकीसाठी त्याने विश्वासू माणसे सोबत नेमली, व्यवहार देवापुढे तसाच माणसांपुढेही चोख असावा असे त्यास वाटे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे दोन अध्याय या विषयासच वाहिलेले आहेत. त्यांत देणाऱ्या मंडळ्यांचा उल्लेख आहे, व्यवस्थेचा आहे, हेतूचा आहे. यरुशलेमेतील बंधूंच्या फाटक्या वस्त्रांचे वर्णन मात्र कोठेही नाही. पैशाचा हिशेब पूर्ण दिला, माणसाची उघडीवाघडी स्थिती मांडली नाही. पोती मोजून दाखविता येतात, दुरुस्त झालेली विहीर दाखविता येते, सहीचा कागद दाखविता येतो. हिशेबास चेहरा लागतोच असे नाही.

आणि अखेरची कसोटी लूकच्या सोळाव्या अध्यायातील. प्रभूच्या सर्व दाखल्यांत नाव असलेले पात्र एकच, आणि तो दाराशी पडलेला भिकारी आहे. श्रीमंतास नाव नाही, लाजरास आहे. आमच्या त्या पत्र्याच्या पेटीत नेमके उलटे झाले आहे : खुर्चीवर बसलेल्यास नाव आहे, जमिनीवर बसलेल्यास नाही. जो मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो, त्याच्या सेवकांनी ठेवलेले दप्तर असे असावे काय?

आता कॅमेरा आपल्या हाती आहे

परदेशी सेवासंस्थांनीही आपली चूक ओळखली आहे. १९८४–८५ च्या इथिओपियातील दुष्काळात जगभर दाखविलेल्या चित्रांवर विचारमंथन होऊन युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी १९८९ साली छायाचित्रांविषयी आचारसंहिता स्वीकारली. आपल्या देशात २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार काळजी व संरक्षण यांची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. वसतिगृहे व बालगृहे चालविणाऱ्यांनी हे कलम मुळातून वाचावे.

परंतु कायद्याहून मोठा बदल दुसराच आहे. पूर्वी चित्र दूरदेशी जाई आणि चित्रातील माणसास ते कधी दिसत नसे. आज मंडळीतील प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे आणि सकाळी घेतलेले चित्र दुपारी शेजाऱ्याच्या, सोयऱ्याच्या, शाळेतील सोबत्याच्या हाती पडते. लंडनमधील अनोळखी बाईने पाहिलेली गरिबी एक, आणि मुलीचे लग्न ठरविण्यास आलेल्या पाहुण्यांनी पाहिलेली गरिबी दुसरी. मिशनरी परत जात असे. आपणास येथेच राहावयाचे आहे, येथेच एका मेजावरून प्रभूभोजन घ्यावयाचे आहे. म्हणून आपली जबाबदारी त्यांच्याहून हलकी नाही, भारी आहे.

पुरानंतरच्या त्या प्रसंगापासून आमच्या मंडळीत आम्ही एक साधा नियम ठेवला आहे. सेवाकार्याचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्या व्यक्तीस विचारावयाचे, तेही हातात पोते देण्याच्या क्षणी नव्हे. कारण त्या क्षणी कोणी 'नाही' म्हणू शकत नाही. चित्र प्रथम तिला दाखवावयाचे, एक प्रत तिच्या घरी द्यावयाची. तिने नको म्हटले तर ते पुसून टाकावयाचे. ज्या चित्राची परवानगी मिळाली, त्याची नोंद एका वहीत करावयाची : पूर्ण नाव, गाव, तारीख, प्रसंग. ही वही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी वरच्या फळीवर ठेवली आहे. नाव बाहेर छापावे की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवावे. दप्तरी मात्र ते असलेच पाहिजे. आणि घेणाऱ्यांची चित्रे घेतो तशी देणाऱ्यांचीही घ्यावयाची. खेड्यातील मंडळीत बहुधा ती एकच माणसे असतात. पुढल्या उपकारस्तुतीच्या सणाला आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस विचारले. ते हसून "राहू द्या, फादर" म्हणाले. आम्ही राहू दिले.

जुन्या पेटीचे काम मात्र थांबविता येणार नाही. मिशन संस्थांनी जपलेली हजारो छायाचित्रे आता संगणकावर पाहावयास मिळतात, पण त्यांतील आपल्या माणसांची नावे तेथे बसून कोणी लावू शकणार नाही. ती आपल्या मंडळ्यांतील ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहेत, आणि त्यांच्याबरोबर जाणार आहेत. सर्व धर्मोपदेशक बंधुभगिनींस आमची विनंती आहे की येत्या उपवासकाळापूर्वी आपल्या मंडळीतील जुनी चित्रे घेऊन या वडीलधाऱ्यांच्या घरी जावे, शांतपणे विचारावे, आणि कळेल ते नाव चित्राच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने लिहावे. शाई पुढच्या बाजूस उमटते. मग ते नाव नोंदवहीत शोधावे. आम्ही आरंभ केला आहे. 'दुष्काळातील मुली' या चित्रातील अकरांपैकी तिघींची नावे आजवर मिळाली. त्यांपैकी एकीचा बाप्तिस्मा, विवाह व दफन, तिन्ही नोंदी वरच्या फळीवरच्या वह्यांत होत्या. आठ नावे अद्याप मिळावयाची आहेत.